हुलिया लिहिणारे आबाजी

आमच्या गावात कोणाच्या अंगावर कुठं तीळ आहे आणि कुठं डाग, हे त्याच्या आईच्या खालोखाल एकाच माणसाला ठाऊक असायचं. ते म्हणजे आबाजी. माझे सख्खे आजोबा नव्हेत. घराला घर लागून, म्हणून आबाजी. गाव त्यांना पाटील म्हणायचं, कारण ते एकेकाळी पोलीस पाटील होते. मी शाळेत जायला लागून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा हैदराबादेत नवं सरकार आलं आणि त्यानं एका हुकुमात पाटील-पटवारी सगळे घरी बसवले. बाकीचे बसले. आबाजी काही बसले नाहीत.

पोलीस पाटलाचं एक काम असायचं. शिवारात कोणी अनोळखी माणूस मेलेला सापडला, तर त्याचा हुलिया लिहायचा. म्हणजे उंची, रंग आणि अंगावरच्या खुणा. हा शब्द निजामाच्या कचेरीतला. निजाम गेला, राज्य गेलं, शब्द आमच्या तोंडात राहिला. आबाजींचं म्हणणं असं, की हे काम सरकारनं उलटं लावून ठेवलंय.

"मेल्यावर लिहून काय फायदा? तवा सांगाले कोन असते? मानूस जित्ता असतानीच लिहून ठेवाव."

म्हणून ते जिवंत माणसांचा हुलिया लिहायचे. अख्ख्या गावाचा, आणि कोणी सांगितलेलं नसताना.

त्यांची वही लाल फडक्यात बांधलेली असे. ओट्यावर लोखंडी खुर्ची, अंगात कोपरावर ठिगळं लावलेला खाकी कोट, भर उन्हाळ्यातसुद्धा. आमच्यापैकी कोणाचा गुडघा फुटला की आम्ही आधी त्यांच्याकडं जायचो आणि मग आईकडं. ते जखमेजवळ बोटं ठेवून मोजायचे, "दोन बोटं लांब, अर्धं बोट रुंद," असं पुटपुटत लिहायचे आणि मग गुळाचा खडा द्यायचे. जखम भरली की परत बोलवायचे. डाग राहिला असेल तर खूश. नाही राहिला तर तोंड पाडून म्हणायचे, "याची तं काहीच निशानी उरली नाही. पुढच्या खेपी जरा नीट पड."

एकदा गावात हद्दीपलीकडून, महाराष्ट्रातल्या किनवटकडचा एक नवा जावई आला. ओट्यासमोरून जाताना आबाजींनी त्याला हाक मारली, पाणी दिलं, सुपारी दिली आणि म्हणाले, "जावईबापू, सदरा काढा." तो बिचारा गडबडला. त्याला वाटलं ही तेलंगणाकडची काही रीत असेल. काढला त्यानं. आबाजींनी पाठीवरचे तीळ मोजले, लिहिले आणि "घाला आता" म्हणून सोडून दिलं. नंतर सासुरवाडीत कळलं तसा तो न जेवता निघाला. त्याला थांबवायला चार माणसं बसस्टॉपपर्यंत गेली. आबाजींना मात्र त्यात आपली काही चूक दिसली नाही. "उद्या रस्त्यात काही झालं तं वळखन कोन त्याले?" एवढंच त्यांचं उत्तर.

बायकांचा हुलिया मात्र त्यांच्या वहीत तोंडापुरता आणि हातापुरता असे. जेवढं चारचौघांत दिसतं तेवढंच. बाईमाणसाला विचारायचं कसं, हा त्यांचा नेम. त्यांच्याच घरात एक बाई होती, तिचा तर एका ओळीचाही हुलिया त्या वहीत नव्हता.

ती त्यांची वहिनी. आम्ही तिला मोठीमाय म्हणायचो. आबाजींचा थोरला भाऊ निजामाच्या शेवटच्या धामधुमीत घरातून गेला तो आलाच नाही. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. महिनाभरानं नाल्याकाठी तीन मुडदे सापडले. कोणी मारले, कशासाठी, यावर गावात चार मतं होती. तोंडं ओळखू येत नव्हती. आबाजी तेव्हा अठरा वर्षांचे. बाप आणि ते, दोघं बघायला गेले. बापानं तिन्ही मुडद्यांकडं पाहिलं आणि मान हलवली. यातला आपला आहे की नाही, सांगता येईना. दोघा भावांची आई तर लहानपणीच गेलेली. शेवटी तिघांना एकाच चितेवर घातलं.

गेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर माणूस नाही. म्हणून मोठीमायचं कुंकू तसंच राहिलं. ती वाटाण्याएवढं नाही, चांगलं ठसठशीत लावायची. सणावाराला सवाष्ण म्हणून तिला बोलवावं की नाही, यावर बायका अडखळायच्या. कोणी बोलवायचं, कोणी टाळायचं. आबाजींनी लग्न केलं नाही. दोघं त्या घरात चाळीसहून जास्त वर्षं राहिली आणि एकमेकांशी कामापुरतं बोलली. "वहिनी, पानी ठेवा." "ठेवलं." बस.

आता माझं सांगते. माझ्याशिवाय पुढची गोष्ट चालत नाही.

आमच्या घरी वांगी आणि मिरचीचा मळा. घरात मराठी, शाळेत तेलुगू. शाळेत नाव लिहितानाच मी उलटी झाले: आडनाव पुढं आलं आणि मी मागं. तेलुगूचे सर माझ्या उच्चारांना हसायचे. सुट्टीत पलीकडं महाराष्ट्रात मावशीकडं गेले, की तिथली पोरं म्हणायची, "आली तेलंगीन." घरी रडले तर माय म्हणायची, "हसू दे. दोन्हीकडचं येते ना तुले? त्यांले एकच येते." मराठी वाचायला मला शाळेनं शिकवलं नाही. हिंदीच्या तासाला अक्षरं शिकले आणि आबाजींच्या वहीवर ती घासली. म्हणजे माझं पहिलं मराठी वाचन म्हणजे गावकऱ्यांचे तीळ आणि खरुजांचे डाग.

दहावीच्या परीक्षेचा फॉर्म आला, तर त्यात दोन ओळी रिकाम्या. अंगावरच्या ओळखीच्या खुणा लिहा. तेलुगूत त्याला 'पुट्टुमच्चलु' म्हणतात. वर्गात सर मोठ्यानं विचारत होते आणि पोरी लाजून खाली बघत होत्या. मी घरी येऊन आबाजींना सांगितलं, तर तो माणूस खुर्चीतून उठून उभाच राहिला.

"सरकार हुलिया मागून राह्यलं?"

"हो ना आबाजी. दोन निशाण्या पाहिजे."

"पाह्य. आखरीले अक्कल आली त्याले." त्यांनी वही सोडली. "लिही. उजव्या कानाच्या पाळीमागं तीळ, राईएवढा. डाव्या तळहाताले इळ्याचा काप, वांगे तोडतानीचा. तवा तू सात वर्षाची होती. लई बोंबलली होती."

दुसऱ्या दिवशी आबाजी कोट घालून तीन किलोमीटर चालत शाळेत आले. आमच्या गावची सहा पोरं दहावीला होती. आबाजी वहीतून वाचायचे, मी तेलुगूत सांगायची, सर फॉर्मवर उतरवायचे. हातावरच्या, मानेवरच्या खुणा त्यांनी बरोबर निवडल्या, पोरींना लाज येईल असं एक अक्षर नाही. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटावर आजही त्या दोन खुणा छापलेल्या आहेत. ते वाचलं की मला आबाजींचा आवाज ऐकू येतो, आणि खरं सांगते, त्यासाठीच मी कधीकधी तो कागद काढते.

पण ती वर्षं काही नुसत्या फॉर्मांची नव्हती. जंगलात पोलिसांशी लढाई चालली होती. जंगलातल्यांना आम्ही अण्णालोक म्हणायचो. तेलुगूत अण्णा म्हणजे मोठा भाऊ. ते आले की जेवायला मागायचे, आणि ते गेले की पोलीस येऊन विचारायचे, जेवायला काऊन दिलं? दोन्हीकडच्यांना एकच उत्तर चालत नसे. त्यात आमच्यासारख्यांची आणखी पंचाईत: पोलीस तेलुगूत दरडावत, अण्णालोक तेलुगूत समजावत, आणि आमची म्हातारी माणसं दोघांपुढं हात जोडून मराठीत "हो साहेब" म्हणत.

माझा मोठा भाऊ भैंशा गावच्या कापसाच्या जिनिंगात कामाला जातो म्हणून घरून निघाला आणि जिनिंगात पोचलाच नाही. महिन्याभरानं कळलं, जंगलात गेला. ज्या तेलुगूसाठी त्यानं शाळेत मार खाल्ला, त्याच तेलुगूतली गाणी म्हणत गेला. माझ्या मायनं त्याचं नाव घेणं सोडलं, भिंतीला कान असतात म्हणून. मनात ती दुसरं काहीच घेत नव्हती.

त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सकाळी दहाच्या सुमाराला पोलिसांची जीप आली आणि मागून एक बैलबंडी. बंडीवर ताडपत्रीखाली मुडदा. रानात गोळीबार झाला, एक जण मेला, पंच पाहिजेत. बायकांनी घरात जाऊन दारं लावायची, असा हुकूम झाला. माझी माय दाराच्या कडीला धरून उभी होती, आणि तिच्या हाताबरोबर कडी वाजत होती. गावानं आबाजींना पुढं केलं. पाटीलकी गेली म्हणून काय झालं, मुडदा बघायला अजून पाटीलच.

तासाभरानं ते परत आले ते आपल्या घरी गेलेच नाहीत, सरळ आमच्या दाराशी आले.

"पोट्टा नाही तुमचा. बाई हाय. पोरगीच हाय," असं दारातूनच म्हणाले आणि खाली बसले.

माय रडली. आनंदानं रडली, आणि दुसऱ्याच्या मेलेल्या पोरीवर आपण आनंदानं रडलो म्हणून परत रडली. मी तिला तेव्हा समजावू शकले नाही. मलाही तेच झालं होतं.

त्या पोरीला पोलिसांनी दुपारी नाल्याकाठी जाळलं. गावानंच लाकडं दिली. नाव ठाऊक नाही, कोळशाच्या खाणींकडची कोणीतरी, असं पोलीस बोलत होते. आबाजींनी घरी येऊन आठवून आठवून तिचा हुलिया वहीत लिहिला. मेलेल्या बाईचा हुलिया त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला असेल.

आता अशी वही असलेलं गाव, आणि गावातला एक पोरगा जंगलात. फौजदाराच्या कानावर जाणारच होतं. तो आला, ओट्यावर बसला, चहा घेतला आणि हसत हिंदीत म्हणाला, "पटेल, सुना है पूरे गाँव का हुलिया है तुम्हारे पास. वो लड़के का भी होगा." आबाजी म्हणाले, "है ना साहब. कल देता. अच्छे अक्षर में लिखके देता."

जीप गेली. आबाजींनी मला हाक मारली. वही मांडीवर उघडी होती.

"बस. हे पाठ कर."

पान त्या पोरीचं होतं. मी म्हटलं, "कायले पाठ करू? पान फाडून ठेवा ना."

"घर झाडून पाह्यन तो. हे पान घावलं तं मले नेईन अन् तुमच्या घरालेबी नेईन. डोक्यात ठेवलेलं कोनी झाडत नाही. तिची माय येईन कवातरी. तेलुगू बोलत येईन. तवा मी काय सांगू? मले येते का? तू सांग."

मी तासभर बसून पाढ्यासारखं पाठ केलं. बाई, उमर वीस-बावीस. रंग सावळा. डावी करंगळी आत वळलेली. उजव्या भुवईत काप. हनुवटीखाली निळा डाग, एक बोट, शाई सांडल्यासारखा, गोंदण नव्हे. तो निळा डाग कशाचा, हे आबाजींनाही समजलं नव्हतं. असा डाग त्यांनी कोणाच्या अंगावर पाहिला नव्हता.

मग त्यांनी अख्ख्या गावाची वही न्हाणीच्या चुलीत घातली. तीस-पस्तीस वर्षांचं काम. पानं एकेक करून टाकली, कारण जाड वही नीट जळत नाही. माझ्या भावाचं पान आलं तेव्हा मला दाखवलं आणि टाकलं. मोठीमायनं त्यावर पाणी तापवलं आणि घंगाळात ओतलं.

दुसऱ्या दिवशी फौजदार आला तेव्हा आबाजी आंघोळ करून बसले होते. म्हणाले, "साहब, किताब जल गई. घर में औरत अनपढ़ है. पानी गरम कर दी." फौजदारानं त्यांच्या कानफटात मारली. भर गावासमोर. पाटलाला कोणी मारलेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं. वरचे दोन दात गेले. मी रडत पाणी घेऊन गेले, तर चूळ भरून मला म्हणतात, "माह्या हुलियात लिही. वरचे दोन दात नाही." मग त्यांनाच आठवलं की लिहायला वही नाही.

त्यानंतर मला बघितलं की ते तो पाठ म्हणून घ्यायचे. विहिरीवर, मळ्यात, कुठंही. "म्हन." मी म्हणायची. लग्नाच्या मांडवातसुद्धा म्हणून घेतला त्यांनी, हळद लागलेली असताना. मला तेव्हा त्यांचा फार राग आला. मेलेल्या पोरीचा पाठ आणि माझी हळद. मी म्हटला, पण त्यांच्याकडं न बघता.

भाऊ सात वर्षांनी परत आला. हत्यार ठेवून, सरकारपुढं हजर होऊन. इतका वाळला होता की मायनंसुद्धा दारात क्षणभर बघत राहावं. आबाजी काठी टेकत आले आणि म्हणाले, "हुलिया दाखव." मला वाटलं आता हे काय. भावानं निमूट धोतर वर करून गुडघा दाखवला. आबाजींनी बोटं ठेवली. "दोन बोटं लांब, अर्धं बोट रुंद. हाच हाय." आणि मग त्याला जवळ घेऊन इतके रडले, की भावालाच त्यांना धरावं लागलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती आली.

मी तेव्हा बोथ गावच्या शाळेत शिकवत होते, सुट्टीत माहेरी आले होते. दुपारच्या बसमधून एक बाई उतरली, पन्नाशीची, पायात रबरी चपला, हातात प्लास्टिकची पिशवी. बेल्लमपल्लीहून आली होती, नवरा कोळशाच्या खाणीत कामाला होता तो वारला, म्हणाली. पोरगी नऊ वर्षांपासून बेपत्ता. जिथं जिथं गोळीबार झाला त्या त्या गावाला ती जात होती. अनोळखी माणूस आलं की गाव त्याला आबाजींच्या ओट्यावर आणतं, तसं तिलाही आणलं, आणि तेलुगू येते म्हणून मला बोलावलं.

तिनं पिशवीतून एक फोटो काढला. शाळेतला, दोन वेण्यांचा. त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. पोरीचं दहावीचं सर्टिफिकेट. "मला वाचता येत नाही," ती तेलुगूत म्हणाली. "यावर तिच्या खुणा आहेत म्हणतात. कोणी नीट वाचूनच घेत नाही. बघ ना अम्मा."

माझ्याकडं होतं तसंच सर्टिफिकेट. मला त्या दोन ओळी कुठं असतात ते शोधावं लागलं नाही. हनुवटीखाली निळा डाग. डाव्या हाताची करंगळी वाकडी.

समोर ती बाई माझ्या तोंडाकडं बघत होती. मी आबाजींना मराठीत म्हटलं, "आबाजी, हीच हाय ती."

मला वाटलं ते म्हणतील, सांग. एवढी वर्षं त्यासाठीच तर माझा जीव खाल्ला. पण ते त्या बाईच्या तोंडाकडं बघत राहिले.

"नको सांगू," ते म्हणाले.

"काऊन?"

"पाह्य ना तिच्याकडं. या आशेवरच फिरून राह्यली ते. सांगितलं तं इथंच पडन. राहू दे. म्हना, इथं कोनी नाही. आपल्या घरात वहिनीचं कुंकू ठेवलंच ना आपन? झालं का काही वाईट?"

"काय लिहिलंय, अम्मा?" ती बाई विचारत होती. "काय म्हणतात ते?" तिला आमचं एक अक्षर कळत नव्हतं. मी मध्ये बसले होते, दोन्हीकडचं कळणारी एकटी, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, एकच भाषा येत असती तर बरं झालं असतं. भाऊ नुकता परत आलेला, घरावर पोलिसांची नजर. खोटं सांगणं सोपं होतं. आबाजींनीच ते माझ्या हातात दिलं होतं.

"सांग तिले."

मोठीमाय दारात उभी होती. ओट्यावर पुरुषमाणसं असताना तिला तिथं उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती.

"वहिनी, तुमी आत जा," आबाजी म्हणाले.

"नाही जात. सांग पोरी तिले. आस म्हनते म्हने. अहो, त्या आशेनं मी सत्तेचाळीस वर्सं कुंकू लावलं. सकाळी लावताना दररोज वाटे, हे खरं की खोटं. धड सवाष्न नाही, धड रांड नाही. बायांनी ओटी भरताना मले पाहून हात मागं घेतला, तो पाह्यला का तुमी कधी?"

आबाजी आता त्या बाईला सोडून वहिनीकडं बघायला लागले.

"अन् मले ठाऊक होतं," ती म्हणाली. आवाज खाली आला. "गेले त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांचा खांदा दुखे. मीच बिबा लावला. जास्त लागला अन् उतला. डाव्या खांद्याच्या मागं हा एवढा काळा डाग पडला. मामंजी रागावतीन म्हनून त्यांनी कोनाले दाखवला नाही. तुमी दोघं नाल्यावर गेले तवा मी दारामागं उभी होती. आता इचारतीन, मंग इचारतीन. मी नवी नवरी, मामंजीपुढं तोंड कशी उघडू? तुमी आले, आंघोळ केली, जेवले. कोनी इचारलंच नाही."

गावातल्या प्रत्येक गुडघ्याची खबर ठेवणारा माणूस. त्याच्या स्वयंपाकघरात ती खूण सत्तेचाळीस वर्षं बसून होती, आणि बाईमाणसाला कसं विचारावं, म्हणून त्यानं विचारलं नाही. आबाजींचा हात आपोआप स्वतःच्या खांद्यावर गेला.

"मधला," ते म्हणाले. "त्या तिघांतल्या मधल्याच्या खांद्यावर होता डाग. मी पाह्यला होता, वहिनी. मले वाटलं चिखल हाय."

मग मी त्या बाईकडं वळले आणि तेलुगूत सगळं सांगितलं. पाठ होतंच. उजव्या भुवईतला काप आला तशी तिनं डोळे मिटले. तो सर्टिफिकेटावर नव्हता. निळा डाग आला तसा तिचा हात तिच्या स्वतःच्या हनुवटीकडं गेला.

"आठ वर्षांची होती," ती म्हणाली. "रुळांजवळ सांडलेला कोळसा वेचायला जायची. पडली. कोळशाची भुकटी जखमेत गेली आणि कातडी वरून भरली. खाणीतल्या माणसांना असे डाग असतात. मी नीट धुतलं असतं तर राहिला नसता. मला वेळ नव्हता अम्मा, मी नीट धुतलं नाही."

"राहिला म्हणून तर सापडली," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

ती इथंच पडली नाही. रडली पुष्कळ, "ना बिड्डा, ना बिड्डा", माझं लेकरू, म्हणत, पण मग स्वतःच उठून विचारलं, जागा कुठं. भावानं तिला नाल्यावर नेलं. तिनं तिथली माती पदरात बांधली. कितीही जुनी असो, मरणाची खबर कानावर पडली की आंघोळ करावी लागते, तिच्याकडंही आणि आमच्याकडंही. आमच्या विहिरीवर मी दोघींना पाणी काढून दिलं, तिला आणि मोठीमायला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मोठीमायनं तिची पाठ चोळली. मग तिनं मोठीमायच्या डोक्यावर तांब्या ओतला, आणि कुंकू नाकावरून ओघळून खाली गेलं.

संध्याकाळच्या बसनं ती गेली. आबाजी ओल्या केसांनी ओट्यावर बसले होते. मला म्हणाले, कागद आण. मी शाळेची कोरी वही आणली.

पहिलं पान पोरीचं लिहिलं. आता तिचं नाव होतं, गाव होतं. बापाच्या नावाच्या जागी आबाजी म्हणाले, मायचं लिही, तिनंच शोधली. दुसरं पान त्यांच्या थोरल्या भावाचं. "डाव्या खांद्यामागं बिब्याचा डाग. फौत," म्हणजे मयत, एवढं सांगून ते थांबले. पाटलाच्या कागदात शेवटी एक रकाना असतो, खबर देणाराचं नाव. मी लेखणी धरून बसले. मोठीमायचं नाव मला ठाऊक नव्हतं. आबाजींनाही आठवेना.

"वहिनी," त्यांनी आत हाक मारली, "नाव काय तुमचं?"

ती बाहेर आली. "माहेरचं सांगू, का सासरचं?"

"तुमाले वाटन ते."

तिनं माहेरचं सांगितलं. मी लिहिलं. मग आबाजी खाली बघत, अडखळत म्हणाले, "निशानी?"

मोठीमाय माझ्यासमोर येऊन बसली आणि तिनं पदर मागं घेतला. सत्तेचाळीस वर्षं जिथं कुंकू होतं तिथली कातडी पांढरी पडली होती. गोल, ठसठशीत, धुऊन न जाणारी. आबाजींनी सवयीनं मोजायला हात पुढं केला आणि अर्ध्यातच मागं घेतला.

"तू मोज पोरी," ते म्हणाले.

मी तिच्या कपाळावर बोट ठेवलं. एक बोट लांब, एक बोट रुंद. तेवढं लिहून घेतलं.